माझ्या वाटणीचा व्यायाम

“जा मावशी, बाईंचा थर्मास भरून आणा. तेवढाच तुमचा व्यायाम.”

व्यायाम शिकवणारी पोरगी असं म्हणाली आणि हसली. अख्खा वॉर्ड हसला. मी पण हसले, मेली मी! उठले, थर्मास घेतला आणि खाली कॅन्टीनला निघाले.

रत्नागिरीच्या दवाखान्यातली गोष्ट. बाई म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. दोघींचा आजार एकच. हृदय कमजोर, पाय सुजलेले, चार पावलं टाकली की धाप. बाईंना ती पोरगी रोज दंडाला धरून व्हरांड्यात चालवायची. खुर्चीतून ऊठबस करून घ्यायची, मध्येच बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून बघायची. माझ्याकडे आली की म्हणायची, “तुम्ही जन्मभर उभ्याने काम केलंत. तुम्हाला काय शिकवायचं?”

खरंय. कॅनिंगच्या कारखान्यात उभ्याने आंब्याच्या साली काढण्यात माझी हयात गेली. म्हणून काय माझं हृदय दगडाचं झालं?

त्या दिवशी जिन्यात दम कोंडला. मधल्याच पायरीवर बसले. माणसं अंग चोरून बाजूने जात होती. कोणी विचारलं नाही. मुंबईला मुलाला फोन लावला. “आये, सुट्टी नाय गो मिळत.” भेटीच्या वेळी बाईंची खाट माणसांनी भरून जायची, मी भिंतीकडे तोंड करून पडायची. तेव्हा कधी रडले नाही, पण त्या दिवशी जिन्यात बसून रडले. नवरा गेला तेव्हाही इतकं एकटं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाईंना म्हणाले, “व्यायाम टाळू नका हं. गोळ्यांइतकंच हे औषध आहे.”

औषध? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे इतके दिवस बाईंना औषध मिळत होतं, आणि मी त्यांचा चहा वाहत होते!

थोड्या वेळाने बाईंनी थर्मास पुढे केला. “जातेस ना गो?”

“नाही जायची.”

पोरगी लगबगीने आली. “काय झालं मावशी?”

“मला पण शिकवा. दंडाला धरून.”

“तुमच्यासोबत घरचं माणूस नाही. पडलात बिडलात तर?”

“जिन्याने धाडलंत तेव्हा कोण होतं सोबत?”

बाई कूस बदलून झोपल्या. पोरीने माझा दंड धरला. सैलच, पण धरला. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

आता घरी आहे. घरात दुसरं कोणी नाही. संध्याकाळी गावातल्या सपाट वाटेने चालते. दम लागला की थांबते, परत चालते. दगडी गडग्याआडून बायका विचारतात, “कुठे चाललीस गो?”

“कुठे नाही.”

“मग चालतेस कशाला?” आणि खदाखदा हसतात.

हसा. या पायांनी आजवर कामाशिवाय पाऊल टाकलं नाही. आता टाकणार. पुढच्या महिन्यात दवाखान्यात परत बोलावलंय. एकटीच जाणार. बाईंसारखं सगळं मला शिकवल्याशिवाय तिथून हलायची नाही. बोलवा कोणाला बोलवायचं ते.