चांदभाईंचा कान आणि पिवळा दिवा

केडगावात पुणे रस्त्याला चांदभाईंचं गॅरेज आहे. तीस वर्षं या माणसाने गाड्या कानाने तपासल्या. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे आणि दुखणं सांगायचं. गिऱ्हाइकं त्यांना डॉक्टर म्हणत, आणि चांदभाई गालातल्या गालात हसत. नव्या गाड्यांच्या दिव्यांवर मात्र त्यांचा भारी राग. "दिवा काय सांगनार? त्याला कान हायेत का?" जावई काशिफने गाडीचा बिघाड वाचणारा स्कॅनर आणून दिला होता, तो खोक्यातच पडून होता. माणूस गुणी, पण हट्टाला पेटला की कुणाचं ऐकत नसे.

मंगळवारी सकाळी पुणतांब्याचे बन्सी गाडी घेऊन आले. वाटेतली सगळी गॅरेजं टाकून इथंच यायचं, ही त्यांची जुनी रीत. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला होता. चांदभाईंनी कान लावला. सगळं सुरळीत. मग त्यांनी बॅटरीची वायर काढली, चहा होईस्तोवर थांबले आणि परत जोडली. दिवा गेला. मिस्त्री लोकांचा हा ठरलेला तोडगा. त्याने दिवा विझतो, दुखणं जागच्या जागी राहतं.

"जा बिनघोर," चांदभाई म्हणाले.

घरी निघालेले बन्सी वाटेतल्या विळदच्या घाटातूनच माघारी आले. दिवा पुन्हा लागला होता, आणि आता लुकलुकत होता. चांदभाईंनी कान लावला. एकदा, दोनदा. तरी काहीच नाही.

मागच्या घरातून त्यांच्या बायको इमामबी बाहेर आल्या. एरवी त्या गॅरेजच्या कामात पडत नसत. "अवो, अडखळतंय की ते. मधीच एक ठोका चुकतोय. मला तिकडं सैपाकघरात ऐकू आलं."

'तुला काय कळतंय' हे शब्द चांदभाईंच्या ओठांवर आले होते. पण बन्सी मान खाली घालून उभे होते. म्हणजे तो चुकलेला ठोका त्यांनाही ऐकू येत होता.

चांदभाईंनी स्कॅनरचं खोकं उघडलं, चष्मा चढवला, स्कॅनर जोडला. तिसरा सिलिंडर मिस मारत होता, मधूनच पेटत नव्हता. त्याला ठिणगी पुरवणारी कॉईल खराब झाली होती. दुकानातून नवी आणून त्यांनी ती बसवली. हात अजून तसाच सफाईदार होता. दिवा विझला, आणि या वेळी खरा विझला.

कामाचं समाधान काही वाटेना. कान गेला तर या मिस्त्रीचं उरलं काय? सांगावं तर उद्यापासून कोण येणार? आणि न सांगता गाड्या हातात घ्याव्यात तर ती शुद्ध लबाडी. चांदभाईंनी बॉनेट लावलं आणि तिथंच हात टेकून उभे राहिले.

"बन्सीभाऊ, गाडी नीट झाली. पन माझा कान गेलाय. तुमी दुसरा मिस्त्री बघा."

बन्सींनी किल्ली उचलली. "वरीस झालं, ठावं हाय मला. मी तुमच्याशी वरडून बोलतोय ते काय उगाच?" मग गाडीत बसता बसता तेवढ्याच मोठ्याने ओरडले, "पुढच्या महिन्यात ऑइल बदलायला येतो!"