चालवाल्या अण्णांची कादंबरी

अण्णांना चेहरे लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ते सरळ म्हणायचे, "काहीतरी बोला, म्हणजे ओळखतो." एका लग्नात त्यांनी स्वतःच्या साडूलाही असंच बोलायला लावलं होतं, साडू पुढे कितीतरी दिवस फुगून बसला. आवाज मात्र एकदा कानात शिरला की शिरला. फोनवर नुसता खोकला ऐकून ते माणूस ओळखायचे. आता अण्णा लेकाकडे पुण्याला असतात. तिथे ओळखीचे आवाज नाहीत, याचंच मला वाईट वाटतं.

सोलापुरात त्यांना 'चालवाले अण्णा' म्हणत. गणपती मंडळांची गाणी, शाळांची स्वागतगीतं, लग्नातल्या मंगलाष्टका, सगळ्यांच्या चाली त्यांच्या. लहानपणी मी त्यांच्या कोरसमध्ये गायचे; पुढे डीटीपीचं दुकान काढलं. म्हणून साठी उलटल्यावर अण्णांना कादंबरी सुचली, तेव्हा टायपिंगचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

अण्णा कादंबरी लिहीत नसत, बोलत. डोळे मिटायचे, मांडीवर ताल धरायचे आणि मधेच हात अडखळला की म्हणायचे, "हे वाक्य समेवर येत नाही. खोड." संवाद आला की बाईच्या आवाजात बाई, पोराच्या आवाजात पोर. झेरॉक्सला आलेली माणसं काम विसरून ऐकत उभी राहत. दुकानात गर्दी होते म्हणून मी वैतागायचे, पण कानही तिकडेच असायचे.

गावाला मात्र अण्णांचं हे कादंबरीकार होणं पचलं नाही. "आत गाणी किती टाकलीत?" हा पहिला प्रश्न. प्रकाशनाच्या दिवशी पाहुणे चालींवरच बोलत राहिले आणि शेवटी आयोजकांनी कौतुकाने पेटी आणून ठेवली. अण्णांचं तोंड एवढंसं झालं. "आज मी वाचणार आहे," ते म्हणाले आणि त्यांनी पुस्तक उघडलं. वाचलं नसतं तर बरं झालं असतं.

पहिल्या रांगेत नरसय्या बसले होते. दिवसभर चादरीच्या कारखान्यात माग चालवायचा आणि संध्याकाळी अण्णांसाठी ढोलकी वाजवायची, यात त्यांचं आयुष्य गेलेलं. अण्णांच्या एकूण एक गाण्याचा ठेका त्यांचा. पुढे कारखाना बंद पडला, नरसय्या पिऊ लागले. कादंबरीतही असाच एक वाजवणारा होता. अण्णांनी त्याचं नाव बदललं होतं, गाव करमाळ्याकडचं दिलं होतं, ढोलकीचं संबळ केलं होतं, किडकिडीत नरसय्यांचा गोरा धिप्पाड गडी केला होता. आता कोण ओळखणार, अशी त्यांची खात्री. मग तो प्रसंग आला. गडी पिऊन घरी येतो, बायको दार उघडत नाही, आणि तो बाहेरून विनवतो, "उघड की गं. भांडायचं तर आत घेऊन भांड. कुत्री भुंकलालीत बघ."

अण्णांनी हे हुबेहूब नरसय्यांच्या आवाजात म्हटलं. सभागृह खो खो हसलं आणि सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. आवाजावरून माणूस ओळखणाऱ्याने खरं तर आधी बोलणं बदलायला हवं होतं. अण्णांनी नेमकं तेवढंच ठेवलं होतं. नरसय्या उठले, चपला घातल्या आणि निघून गेले.

गल्लीतली पोरं त्यांना बघून तेच वाक्य ओरडू लागली. एकदा अण्णा माझ्या दुकानात असताना नरसय्या पायरीपर्यंत आले, आत आले नाहीत. "नाव बदललास, गाव बदललास. आवाज कशाला ठिवलास बे? कार्यक्रमावरनं येताना ती दाराची गोष्ट विश्वासानं सांगितलो होतो की तुला. माझं बोलणं काढ त्यातनं."

"काढतो," अण्णा म्हणाले.

आणि त्यांनी काढलं. दुकानांतल्या प्रती परत आणल्या, घरोघर जाऊन दिलेल्या मागून घेतल्या, सगळ्या रद्दीत घातल्या. माझ्या कॉम्प्युटरवरची जुनी फाईल समोर बसून पुसायला लावली. नव्या पुस्तकात तो गडी म्हणतो, "दार उघड. आपण आत जाऊन बोलू." टाइप करताना मी न राहवून म्हटलं, "अण्णा, हे वाक्य मेलं." ते म्हणाले, "मरू दे. माणूस परत आला पाहिजे." नवी प्रत त्यांनी स्वतः नरसय्यांच्या घरी नेऊन दिली. नरसय्यांनी घेतली, पण ते परत आले नाहीत. अण्णांनी दुसरा ढोलकीवाला घेतला नाही आणि चाली देणंही सोडलं. उन्हाळ्यात नरसय्या गेले.

त्यानंतर एका दुपारी अण्णा दुकानात बसलेले असताना नरसय्यांच्या पत्नी, लक्ष्मीवहिनी, आल्या. विड्या वळून पिवळी पडलेली बोटं पदराला पुसत म्हणाल्या, "भावजी, ते पैलं पुस्तक द्या की. त्यात आमचे हे बोलत्यात म्हणं. नात वाचून दाखवील. घर लई गप झालंय."

अण्णा माझ्याकडे बघू लागले. माझ्याजवळ काय असणार?

"एकही उरलं नाही, वहिनी," ते म्हणाले. "थांबा, मी म्हणून दाखवतो." त्यांनी डोळे मिटले, मांडीवर हात ठेवला. "दार उघड. आपण... आत जाऊन..." हात थांबला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तेच मेलेलं वाक्य आलं. खोकल्यावरून माणूस ओळखणारे अण्णा, आणि आयुष्यभराच्या मित्राचा आवाज त्यांच्या कानात उरला नव्हता. मला त्यांची कीव आली आणि त्या नव्या पुस्तकाचा भयंकर राग आला.

"असं न्हाय ओ," वहिनी हळूच म्हणाल्या. "उघड की गं, म्हणायचे. भांडायचं तर आत घेऊन भांड, म्हणायचे. आन् मी उघडायची न्हाय लवकर."

"परत म्हणा, वहिनी," अण्णा म्हणाले.

वहिनींनी परत सुरुवात केली. अर्ध्यावर त्यांचा आवाज फुटला, आणि उरलेलं वाक्य आम्हा तिघांपैकी कुणालाच पुरं करता आलं नाही.