दातवाल्यासमोरची कौसाकाकू

देगलूरच्या आठवडी बाजारात एका दातवाल्याच्या टेबलासमोर आमची कौसाकाकू लोखंडी खुर्ची टाकून बसायची. आवाज असा, की तिनं हाक मारली तर पार तेलंगणातल्या म्हशी मान वळवायच्या. कुणी गाल धरून आला, की ती गरजायची, "थांब रे बाबा! शुगर हाय का? बीपी? हार्टचं काही? रक्त पातळ करायची गोळी?"

"काकू, दाढ दुखून राहिली. शुगरचा काय संबंध?"

"शुगर वाढलेली असंल तर जखम भरत न्हाई, चिघळती. आधी तपासून घे. अन् शिकलेल्या डॉक्टरकडं जा, ह्या मुडद्याकडं न्हाई!"

गिऱ्हाईक दाढेसकट पळायचं. माझं कापडाचं दुकान शेजारीच. खोटं सांगत नाही, निम्म्या देगलूरला आपली शुगर काकूमुळं कळली. उरलेल्यांना तिच्या आवाजानं बीपी झाला.

काकू तिथं बसायला लागली ती तिच्या नवऱ्यापायी. काकांच्या हृदयाची झडप बदललेली होती. ह्याच दातवाल्यानं काही न विचारता पकडीनं त्यांची दाढ उपटली. थोड्याच दिवसांत ताप चढला, तो उतरेचना. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, दाढेच्या जखमेतून जंतू रक्तात शिरले आणि झडपेवर बसले. अशा माणसाला दात काढण्याआधी औषध द्यावं लागतं. काका गेले. तेरावा उरकला आणि पुढच्याच बाजारी काकू खुर्चीसह हजर.

दातवाला अर्धापूरला पळाला. पहिल्या एसटीनं काकू तिथं. इस्लापूरला गेला, तिथंही काकू. त्यानं सहस्रकुंडात उडी टाकली असती, तर हिनं धबधब्याखाली खुर्ची मांडली असती! अखेर देगलूरला परतून त्यानं भर बाजारात तिचे पाय धरले. "काकू, लेकरंबाळं हायेत. सोडा आता."

"पकड दे इकडं."

त्यानं मुकाट्यानं दिली. काकूनं ती लोहाराकडून चपटी होईस्तोवर ठोकून घेतली. प्रत्येक घावाला खदखदून हसली.

पुढच्या बाजारी तो कंगवे विकायला बसला. काकूनं खुर्ची उचलली आणि गावातल्या शिकलेल्या दंतवैद्याच्या दारात नेऊन ठेवली. मी म्हटलं, "काकू, सूड झाला की. आता इथं कुणावर डूख?"

"त्याचा झाला," ती म्हणाली. पहिल्यांदाच हळू बोलली. "दाढ काढताना ह्यांची हार्टची फाईल माझ्याच मांडीवर होती, बापू. दातवाल्याला काळजाचं कशाला सांगायचं, म्हणून मी तोंड उघडलं न्हाई. आता जल्मभर उघडंच ठेवते."