मशीन क्रमांक दोनचा पत्ता

धम्मदीप थूल कारंज्यातल्या एका माती परीक्षण केंद्रात संगणक चालवतात. वय एकेचाळीस, नोकरी नऊ वर्षांची, करार अकरा महिन्यांचा.

केंद्राच्या नव्या संगणकाचा ॲडमिन पासवर्ड वरच्या कार्यालयात असतो. मातीचे जुने अहवाल ज्या प्रोग्राममध्ये आहेत, तो नव्या विंडोजवर उघडत नाही. थूल यांनी पासवर्डसाठी चार पत्रे पाठवली. तिसऱ्याला उत्तर आले: पत्र मिळाले. मग त्यांनी इन्स्टॉल न करता फोल्डरमधूनच चालणारे एक सॉफ्टवेअर आणले आणि त्याच्या खिडकीत जुन्या विंडोजचा अख्खा संगणक उभा केला. तो पासवर्ड मागत नाही. चालतो मात्र बैलबंडीच्या चालीने. सुरू करून थूल चहा पिऊन येतात. खिडकीला त्यांनी नाव दिले, मशीन-२.

करारात एक कलम आहे: अनधिकृत सॉफ्टवेअर आढळल्यास करार रद्द.

मार्चमध्ये तपासणीस प्रभाकरराव जडवस्तू मोजायला आले. खुर्च्या, कपाटे, पंखे करत ते थूल यांच्या टेबलाशी थांबले. पडद्यावर मशीन-२ सुरू होते.

"हे मशीन दोन कुठी हाये गा, थूल?"

"याच्यातच हाये, सर."

"मले त दिसून नाई राह्यलं."

"पोटात हाये."

प्रभाकररावांनी वाकून टेबलाखाली पाहिले. दारातून शिपाई आनंदाबाई म्हणाल्या, "नववा लागला असन त्याले, साहेब."

थूल हसले नाहीत.

"रिपोर्ट देते?"

"देते, सर."

"मंग रजिस्टरात काऊन नाई? उद्या चोरीले गेलं त कोण भरून देईन?"

ते सॉफ्टवेअर आहे, एवढे सांगितले असते तर प्रश्न मिटला असता. नोकरीही.

"राहून गेलं, सर," थूल म्हणाले.

प्रभाकररावांनी स्वतः नोंद केली: 'संगणक, जुना, नग एक. स्थान: संगणक क्रमांक एकच्या आत. स्थिती: चालू, मंद.' स्टिकर पडद्याच्या कोपऱ्यात लागला.

जूनमध्ये वरून तंत्रज्ञ आला. खिडकी दिसताच म्हणाला, "हे तर अनधिकृत आहे. काढतो."

थूल यांनी नोंदवही उघडून पुढे सरकवली. "नोंदीतली वस्तू आहे, साहेब. काढायची तर नोंद रद्द करायला निर्लेखनाचा प्रस्ताव लागतो. तीन प्रतींत."

तंत्रज्ञाने माउसवरचा हात काढला.

जुलैमध्ये करार पुन्हा झाला, अकरा महिन्यांचाच. कामांच्या यादीत एक ओळ वाढली होती: दोन संगणकांची देखभाल.