वासरीचा नायटा

"घाबरू नका, हात लावा. गरीब हाय ती," असं म्हणत मावशी समोरच्याचा हात धरून स्वतःच गाईच्या पाठीवर ठेवायची. देवळाबाहेर गाय बांधून गवताच्या जुड्या विकणाऱ्या बाया तुम्हीही पाहिल्या असतील. ही कोपर स्टेशनजवळ, आमच्या देवळापाशी बसायची. शेजारी माझी फुलांची टोपली.

मी फारसं बोलत नाही. "रोज हार देतेस देवाला, तो तरी तुझा आवाज ओळखतो का गं?" असं म्हणून मावशी एकटीच हसायची. माझं गिऱ्हाईक पुढे निघालं की तीच ओरडायची, "ताजी फुलं घ्या!" गाय दचकायची.

गाईच्या वासरीला डोळ्यांभोवती राखाडी, गोल चट्टे उठले. थोड्याच दिवसांत माझ्या दंडावरही एक लाल कडेचा चट्टा आला, सारखी खाज. मी लांब बाह्यांचे ब्लाउज घालू लागले. नायटा झालेल्या बाईकडून देवासाठी फुलं कोण घेणार?

एकदा बाही सरकली आणि मावशीला दिसलं.

"लपवतेस कशाला? माझ्या वासरीनं दिलाय तो. दिवसभर कुरवाळतेस ना तिला!"

तिनेच मला दवाखान्यात नेलं. वासरीला गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बजावलं, चट्टे पूर्ण जाईपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही.

मग मावशी सगळ्यांना सांगू लागली, "लांबूनच पाया पडा." लोक चिडायचे. हात लावायचा नाही तर गवत तरी कशाला घ्यायचं, म्हणत निघून जायचे.

एका सकाळी एक बाई कडेवरचं बाळ वासरीला टेकवायला गेली. मावशीने तिला अडवलं. "नको ताई, नायटा हाय तिला. बाळाला होईल."

आरडाओरडा झाला. देवळाचा कारभार बघणारे काका बाहेर आले.

"गोमातेपासून रोग होतो? कुणाला झालाय? दाखव एक माणूस. नाहीतर उद्यापासून इथं बसायचं नाही."

मी हातभर अंतरावर होते. चट्टा फिका झाला होता, पण होता. नुसती बाही वर करायची होती. मी मान खाली घालून हार ओवत राहिले.

मावशीने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"माणूस नाय दाखवणार मी," ती म्हणाली. तिने दावं सोडलं, गवताचा भारा डोक्यावर घेतला आणि गाय-वासरी घेऊन चालू लागली.

ती टिटवाळ्याकडे असते म्हणतात. माझा दंड आता स्वच्छ आहे. दाखवायला काहीच उरलेलं नाही.