चाळीस मिनिटांचे गणपती

मी गणपतीबाप्पांना आल्यापासून चाळीस मिनिटांत, तेही उपाशीपोटी, परत पाठवलेलं आहे.

दोष नोकरीचा. मानेसरच्या एका कारखान्यात मी गाड्यांच्या सुट्या भागांची शेवटची तपासणी करतो. तपासणी पुरी झाल्याशिवाय एकही पेटी फाटकाबाहेर जाता कामा नये, एवढंच काम. बारा वर्षं तेच! दिल्लीतल्या द्वारकेहून कंपनीच्या बसमध्ये चढलं की जीव नकोसा व्हायचा. शेवटी बायको, माधवी, वैतागली. "कुरकुरत बसण्यापेक्षा काहीतरी नवीन शीक ना यार!"

शिकलो. आधी गिटार (शेजारी भेटायला आले, ऐकायला नव्हे), मग ब्रेड भाजणं (तो अजून आहे, दार आपटू नये म्हणून लावतो) आणि शेवटी ऑनलाइन पौरोहित्य! दिल्लीत मराठी गुरुजी मिळणं किती मुश्किल! मी राजीनाम्याचा मसुदासुद्धा लिहून ठेवला.

पहिली पूजा घरातच मिळाली. मयूर विहारला माझे सासरे, नाना, चाळीस वर्षं गणपती बसवतात. त्यांचे नेहमीचे गुरुजी यंदा पुण्याला मुलाकडे गेले होते. मी छाती पुढे काढून म्हणालो, "नाना, मी आहे ना!"

नाना केंद्र सरकारच्या नोकरीत दुसऱ्यांच्या फायलींतल्या चुका काढत निवृत्त झाले. पंधरा वर्षांत त्यांनी जावयाला साधं रेल्वेचं तिकीट काढायला सांगितलं नव्हतं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं. यंदा तुमच्यावर सोडतो." मला अगदी भरून आलं.

तयारी जोरात केली. आगमनाची पूजा आणि निरोपाची उत्तरपूजा, दोन्ही टॅबवर घेतल्या. बघतो तर दोन्हींत गंध, फुलं, दुर्वा सारखंच! तेच तेच दोनदा कशाला? ऑफिसच्या सवयीने मी दोन्ही फायली जोडल्या आणि सारख्या पायऱ्या एकेकदाच ठेवल्या. काय सुटसुटीत झालं म्हणून सांगू!

चतुर्थीला नाना सोवळं नेसून बसले. प्राणप्रतिष्ठा झाली, गंध झालं, फुलं झाली, दुर्वा वाहिल्या. माझा आवाज असा लागला होता की नानांनी चक्क मान डोलावली. मी पान सरकवलं आणि त्याच तालात म्हणालो, "मूर्तीवर अक्षता वाहा. आता मूर्ती जरा उत्तरेकडे सरकवा."

"आत्ता?" नाना चाचरले.

"बिल्कुल!"

नानांनी मूर्ती सरकवली. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "पुनरागमनाय च!"

एकवीस मोदकांचं ताट घेऊन आलेल्या सासूबाई दारातच थबकल्या. "अगंबाई! नैवेद्य राहिलाय अजून! निघाला कुठे तो?"

माझी लेक ईशा (दिल्लीतच वाढलेली) म्हणाली, "पापा, बाप्पा का चेक-आउट हो गया क्या?"

नाना माझ्यावर ओरडले असते तरी परवडलं असतं. ते ओरडले नाहीत. मूर्तीपुढे हात जोडून हळूच म्हणाले, "चाळीस वर्षांत आमच्या घरून कुणी पाहुणा उपाशी गेला नव्हता." मला इतकी लाज वाटली की पाटावरून उठवेना.

माधवीने पुण्याला गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. "पुन्हा आवाहन करा, क्षमा मागा," ते म्हणाले. "देव आहे तो, समजून घेईल. मी इथून सांगतो." शेवटी मोदकांचा नैवेद्य दाखवून झाला तेव्हा कुठे नानांनी श्वास सोडला.

फोन ठेवता ठेवता गुरुजींनी विचारलं, "जावईबापू, आपण एरवी काय करता?"

मी मान खाली घालून सांगितलं, "कारखान्यात असतो. तपासणी पुरी झाल्याशिवाय काही बाहेर जाऊ नये, ते बघतो."

मग नाना हसले. सासुरवाडीत मी केलेल्या कुठल्याही गोष्टीवर ते पहिल्यांदाच हसले होते!

राजीनाम्याचा मसुदा मी परतताना मेट्रोतच पुसला. आता नोकरी अगदी मन लावून करतो. फक्त एखादी पेटी फाटकापाशी आली की हात थबकतो. उपाशी तर नाही ना निघाली बिचारी?