कोपराची जागा सापडेना

आमच्या गल्लीतल्या रफूवालीला मत्सर शिकवला तो तिच्या धाकट्या जावेनं. त्याआधी बाई साधी होती. जीभ तेवढी सुईपेक्षा जरा टोकदार.

तीस वर्षं जिन्याखालच्या खोलीत बसून तिनं लोकांचे फाटके कपडे सांधले. आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढायचे, त्यांनीच भोक विणायचं, आणि केलेलं काम दिसू द्यायचं नाही. आता न दिसणाऱ्या कामाचं कौतुक करणार कोण?

धाकटीचं उलटं. गेल्या उन्हाळ्यात पंखे गरम वारा ओकत होते, तेव्हा तिनं आमच्या इमारतीच्या सभागृहात मोहीम उघडली. "नवे कपडे घेऊ नका, आहेत ते सांधा. कापडाच्या कारखान्यांनी हवा तापवलीय." खोटं काहीच नव्हतं हो. पण ठिगळं! पिवळ्या शर्टाला जांभळं ठिगळ, वर लाल टाके. लोक ती मिरवायचे, फोटो काढायचे. थोरली दारातून बघायची. "ठिगळ आहे की गळू?" म्हणायची आणि आतून जळून कोळसा व्हायची. मी एकदा विचारलं, "वहिनी, जाता का धाकटीकडे टाके शिकायला?" माझी विजार तिनं तीन आठवडे अडकवून ठेवली.

मग जाहीर झालं, दर रविवारी शिकवणारी बाई लोकांनी निवडायची. प्रत्येकीनं सांधलेला एक कपडा आणावा. थोरलीनं मनाशी ठरवलं, ही खुर्ची माझी. त्याच आठवड्यात दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, चोरपावलांनी आला. राखाडी कोटाचं कोपर फाटलेलं. "वहिनी, हिला सांगू नका. ही जांभळं लावेल."

चार दिवस खपून थोरलीनं ते विणलं आणि कोट रविवारी टेबलावर ठेवला. लोकांनी उलटापालटा केला, उजेडात धरला.

"यात सांधलंय काय? चांगला धड कोट आहे हा!"

धाकटी गोड हसली. "जाऊबाई, स्पर्धा सांधलेल्या कपड्यांची आहे."

थोरलीचे कान लाल झाले. तिनं सुई घेतली आणि सगळ्यांदेखत कोपरातले धागे एकेक उपसले. मुठीएवढं जुनं भोक उघडं पडलं, कडा झिजलेल्या. मग एकदम हात वर झाले, सगळे तिच्यासाठी.

धाकटीचा हात खालीच. तिनं कोट ओळखला होता.

"अहो, हा तुमचा कोट ना? मला का नाही दिलात?"

दीर छताकडे बघू लागला. धाकटीचा चेहरा असा उतरला की मलाही तिला चिडवायचं सुचेना.

"जाऊबाई, मला शिकवाल?" ती पुटपुटली.

"तुला? सगळ्यात शेवटी."

पुढच्या रविवारी धाकटी सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसली होती. शेजारणीच्या टाक्याला थोरली "बरा आहे" म्हणाली, आणि धाकटीचं नाक असं काही फुगलं, की थोरलीनं मुद्दाम आणखी दोनदा म्हटलं.